पतंगासाठी पुस्तक
आज लेकीला घेऊन अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या झिल्कर पार्कमधल्या पतंग महोत्सवाला गेलो. मुलांच्या कल्पकतेला वाव मिळावा म्हणून इथल्या एक्स्चेंज क्लब या समाजसेवी संस्थेने १९२९ साली तो सुरू केला. प्रवेश आजही फुकट! स्पर्धा मात्र घरी केलेल्या पतंगांची: सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा, सगळ्यात जोरात ओढणारा. म्हणून तर लेकीने लायब्ररीतून पतंगांची पुस्तकं आणली. एरवी दोन पानांत कंटाळणारी पोर कन्नी कशी बांधायची ते ओळीवर बोट ठेवून, मोठ्यांदा, पुन्हा पुन्हा वाचत होती. मला तर भरूनच आलं. अशा स्पर्धा गावोगावी व्हायला हव्यात. पतंग वर गेला तशी लगेच विचारते, "बाबा, पेटीसारखा पतंग कुठल्या पुस्तकात असेल?" उद्या संध्याकाळी पुन्हा लायब्ररी.