एकांतातल्या माणसांची जुनी इंग्रजी नावं: एकतिसावं कार्ड

काल रात्री एकतिसावं कार्ड लिहून झालं. आधी सगळी कार्डं अकारविल्हे लावली होती. ती विस्कटून आता मूळ अर्थाप्रमाणे लावली. दोन रविवार त्यात गेले, पण एक गोष्ट लख्ख दिसली. हे जुने शब्द माणसाच्या स्वभावाविषयी फारसं बोलतच नाहीत. तो कुठे बसतो, कशात शिरतो, कसा हिंडतो, एवढंच सांगतात. स्वभावावर बोट ठेवणारा 'लोनर' थेट विसाव्या शतकातला.

सगळ्यात जाड गठ्ठा 'अँकराइट'चा, म्हणजे देवासाठी एका खोलीत स्वतःला कायमचं कोंडून घेणाऱ्याचा. पहिल्या कार्डावर मी त्याचं मूळ जहाजाच्या नांगराशी जोडलं होतं. ते चूक. शब्द ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ मागे सरणारा, निघून जाणारा. पण खोडायला घेतलं आणि 'अँक्रेन विस' आठवलं. एकांतवास पत्करलेल्या स्त्रियांसाठी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेलं हे मार्गदर्शन. त्याचा लेखकही नांगरच पुढे करतो: नांगर जहाजाला धरून ठेवतो तशी ही स्त्री चर्चला. म्हणून ती नोंद कार्डाच्या मागच्या बाजूला ठेवून दिली. व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही, पण त्या काळच्या माणसाच्या कानाला शब्द कसा लागत होता ते तिच्यातून कळतं.

याच पुस्तकात खिडकीच्या पडद्याचंही वर्णन आहे. काळं कापड, त्यावर पांढरा क्रूस, आणि खिडकी होईल तितकी लहान. जनावर पाळायचं तर फक्त मांजर. इंग्लंडमधल्या नॉर्विचची ज्युलियन अशाच खोलीत राहिली, चर्चच्या भिंतीला लागून. 1373 मध्ये तिला जे दर्शन झालं त्यावरचं तिचं लिखाण म्हणजे स्त्रीने इंग्रजीत लिहिलेलं, आज हाती असलेलं सर्वांत जुनं पुस्तक.

'हर्मिट' आणि 'एरेमाइट', दोन्ही म्हणजे एकांतात राहणारा साधू, एकाच ग्रीक मुळाचे, ओसाड जागेवरून आलेले. दुसरा पुढे कवितेपुरताच उरला. अँकराइटला खोली सोडता येत नसे. हर्मिट हिंडू शकत असे, काही जण तर रस्ते-पूल राखत.

'रिक्लूस'ने, म्हणजे जगापासून तुटून राहणाऱ्याने, मला फार गुंतवलं. अभिजात लॅटिनमध्ये त्याच्या मूळ क्रियापदाचा अर्थ 'उघडणं', उत्तरकालीन लॅटिनमध्ये नेमका उलटा, 'कोंडणं'. कार्डावर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहिलेत.

माझा सर्वांत लाडका शब्द मात्र जुन्या इंग्रजीतला 'वेस्टनसेटला', ओसाडीत वस्ती करून राहिलेला. इसवी सन 700च्या सुमारास इंग्लंडमधल्या क्रोलंडच्या दलदलीत जाऊन राहिलेला साधू गुथलॅक डोळ्यांपुढे आणला की हा शब्द चपखल बसतो. मराठीत अक्षरशः 'विजनवासी'. पण वर्तमानपत्रांनी विजनवास सत्ता गेलेल्या पुढाऱ्यांना देऊन टाकलाय, त्यामुळे लिहिताना हात अडतो. 'एकलकोंडा' तर कुठल्याच कार्डावर घेतला नाही. त्यात घरच्यांची तक्रार ऐकू येते.

'सॉलिव्हॅगंट'चा, म्हणजे एकट्याने भटकणाऱ्याचा, मराठी रकाना अजून रिकामा आहे. पेन्सिलीने 'एकांडा' लिहिलंय, पण एकांडा म्हटलं की पाठोपाठ शिलेदार येतो, घोडा येतो, लढाई येते. कुणाच्या घरात याहून जवळचा शब्द बोलला जात असेल तर जरूर कळवा, पेन्सिलीचं खोडून शाईने लिहीन.