अ‍ॅस्ट्रा: गेर्निकामधला पिस्तूल कारखाना

स्पॅनिश पिस्तुले म्हणजे अमेरिकन रचनाकार जॉन ब्राउनिंगच्या पिस्तुलांच्या स्वस्त नकला, असे जाणकारांकडूनही सरसकट ऐकायला मिळते. पहिल्या महायुद्धाच्या काळातील, उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रांतातल्या कित्येक कारखान्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. परंतु अ‍ॅस्ट्रा या नावाने जगभर गेलेली पिस्तुले त्याच मापाने मोजली जातात, तेव्हा मला तो उघड अन्याय वाटतो.

या उद्योगाची सुरुवात 1908 मध्ये एइबार या गावी झाली. पेद्रो उन्सेता आणि हुआन एस्पेरांसा हे दोघे भागीदार होते. 1913 मध्ये त्यांनी कारखाना जवळच्या गेर्निकाला हलवला. परकीय पेटंटनुसार ठरावीक मुदतीत स्पेनमध्येच प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले नाही, तर तिथल्या कायद्यानुसार त्या पेटंटचे संरक्षण संपत असे. या तरतुदीचा फायदा एइबार परिसरातील सर्वांनीच घेतला आणि त्यात हे दोघेही होते. त्यांचे ‘व्हिक्टोरिया’ हे सुरुवातीचे पिस्तूल ब्राउनिंगच्याच वळणाचे आहे.

पुढची वाट मात्र वेगळी ठरली, कारण स्पॅनिश सैन्यासाठी काउंट काम्पो-हिरो यांनी आखलेले पिस्तूल याच कारखान्यात तयार होऊ लागले. काउंट 1915 मध्ये वारले, पण त्यांच्या रचनेतून मिळालेला धडा कारखान्याने वाया जाऊ दिला नाही. सैन्याने 1921 मध्ये स्वीकारलेले अ‍ॅस्ट्रा 400 हे पिस्तूल त्यातूनच घडले.

त्याच्या रचनेपाशी थोडे थांबायला हवे. त्याचे काडतूस होते 9 मिमी लार्गो, म्हणजे चांगलेच जोरदार. एवढ्या ताकदीच्या काडतुसासाठी बहुतेक रचनाकार नळी आणि स्लाइड (नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग) काही क्षण एकमेकांत अडकवून ठेवतात, जेणेकरून गोळी नळीबाहेर पडून आतला दाब उतरल्यावरच स्लाइड मागे सरकावी. अ‍ॅस्ट्रा 400 मध्ये असे कुलूप मुळीच नाही. सारा भार जड स्लाइड आणि नळीभोवती गुंडाळलेली अतिशय कडक स्प्रिंग यांच्यावर आहे. आत दडलेला घोडा मागे ढकलण्यातही स्लाइडचा थोडा जोर खर्ची पडतो. त्यामुळे गुंतागुंतीचे भाग कमी झाले, पण पहिली गोळी नळीत भरण्यासाठी स्लाइड मागे ओढताना मनगटाची परीक्षाच होते. खोलताना तोंडाकडची टोपी दाबून धरून फिरवावी लागते आणि तेव्हा हात निसटला, तर दबलेली स्प्रिंग उसळून बाहेर येते. नळकांड्यासारख्या आकारामुळे स्पेनमध्ये या पिस्तुलाला ‘चिरूट’ म्हणत. ते देखणे नाही, हे मान्य करूनही अवघड प्रश्नाला दिलेले इतके सरळ उत्तर मला मनापासून आवडते.

1920च्या दशकाच्या अखेरीस आलेले अ‍ॅस्ट्रा 900 दुरून पाहिले तर हुबेहूब माउझर सी-96 हे जर्मन पिस्तूल वाटते. त्याची मुख्य बाजारपेठ चीन होती, कारण लाकडी दस्ता जोडता येणाऱ्या या घडणीच्या पिस्तुलांना तिथे मोठी मागणी होती. परंतु आतली यंत्रणा गेर्निकाचीच आहे. माउझरचे भाग जवळपास पिन आणि स्क्रूशिवाय एकमेकांत बसतात, तर अ‍ॅस्ट्राच्या भागांना पिनांचा आधार आहे आणि बाजूची सरकती पट्टी काढली की सगळी यंत्रणा समोर दिसते. बाह्यरूप उसने घेऊन आतला विचार स्वतःचा ठेवणे याला निव्वळ नक्कल म्हणता येणार नाही.

स्पेनच्या यादवी युद्धात 26 एप्रिल 1937 रोजी, बाजाराच्या दिवशी, बंडखोर सेनापती फ्रँकोच्या मदतीला आलेल्या जर्मनीच्या कॉन्डोर लीजन या पथकाने आणि इटालियन विमानांनी गेर्निकावर बॉम्बवर्षाव केला. गावाचा बहुतांश भाग जळून गेला, पण शस्त्रांचा हा कारखाना बचावला. अवघ्या तीन दिवसांनी गाव फ्रँकोच्या फौजांच्या हाती पडले आणि कारखानाही त्यांना मिळाला. फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या गणतंत्रवाद्यांना मग अ‍ॅस्ट्रा 400 च्या प्रती स्वतःच घडवाव्या लागल्या. कॅटलोनियातील तेरासा येथे घडलेल्या अशा पिस्तुलांवर ‘एफ. अस्कासो’ हे अराजकतावादी नेत्याचे नाव कोरलेले आढळते. ज्यांच्या विमानांनी गाव जाळले, त्याच जर्मनीसाठी पुढे याच कारखान्याने 9 मिमी पॅराबेलम काडतुसाचे अ‍ॅस्ट्रा 600 तयार केले. त्यांपैकी 10,450 नग पोहोचले आणि 1944 मध्ये फ्रान्सची सरहद्द जर्मनांच्या हातून गेल्यावर उरलेला माल स्पेनमध्येच अडकला. तांत्रिक गुण कितीही वाखाणले, तरी ही गोष्ट विसरून अ‍ॅस्ट्राचा इतिहास सांगता येत नाही.

युद्धानंतर पिस्तुले बनवण्याची मुभा फ्रँको राजवटीने ज्या मोजक्या कारखान्यांना दिली, त्यांत अ‍ॅस्ट्रा होते. पण सैन्याने पुढे स्टार या दुसऱ्या स्पॅनिश कंपनीचे पिस्तूल निवडले आणि 1980च्या दशकात लामा या तिसरीचे. निर्यातीतला एक भरवशाचा माल म्हणजे ‘कब’ हे खिशात मावणारे पिस्तूल, जे अमेरिकेत कोल्ट कंपनी ‘ज्युनियर’ या नावाने विकत असे. अमेरिकेच्या 1968च्या बंदूक नियंत्रण कायद्याने अशा लहान पिस्तुलांची आयात थांबवली. रिव्हॉल्व्हरे आणि पुढे ए-80 सारखी आधुनिक पिस्तुले आली, त्यांचे काम चांगले होते. तरीही 1990च्या दशकाच्या अखेरीस कारखाना बंद पडला. त्याची गेर्निकामधली इमारत गावकऱ्यांच्या आग्रहामुळे पाडली गेली नाही आणि आता तिथे सांस्कृतिक केंद्र चालते.