दुसऱ्याचं टाचण, माझा तिसरीचा वर्ग

मागच्या वर्षी धारकतेचा, म्हणजे भांड्यात किती मावतं याचा, पाठ घ्यायचा होता, तेव्हा एका शिक्षिका मैत्रिणीने तिचं टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, पाठवलं. उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन, सगळं रेखीव. मी ते जसंच्या तसं वर्गात नेलं. तुर्भ्याला डोंगराच्या कडेच्या वस्तीतली मुलं माझ्याकडे येतात. पट 41, तासिका 35 मिनिटांची. टाचणात मोजपात्र एकच. मी ओतत होते, मुलं बघत होती. जेमतेम चौघांचा हात पात्राला लागला आणि घंटा झाली.

त्या रात्री पेन्सिल घेऊन टाचण पुन्हा वाचलं. प्रत्येक कृतीपुढे एकच प्रश्न लिहिला: या वेळात शेवटच्या बाकावरचं मूल काय करत असेल? बहुतेक ठिकाणी उत्तर आलं, बघत असेल. शेवटी कार्यपत्रिका होती, चित्रातल्या पात्रावरची खूण वाचायची. ती बरोबर आली म्हणजे मुलाला लीटर कळला, असं मला म्हणवेना.

एक गोष्ट मात्र मी जपून ठेवली: आधी अंदाज, मग मोजणी. त्या टाचणाचा जीव तिथेच होता.

मोजपात्राच्या जागी बाटल्या आणल्या. पाव लीटरच्या आठ, एक लीटरच्या आठ. पाच-पाच मुलांचा गट, एका गटात सहा. घरी करून पाहिलं तेव्हा कळलं की बाटली काठोकाठ भरली तर पाव लीटरपेक्षा जास्त मावतं. म्हणून सीलबंद असताना पाणी जिथवर होतं तिथे आधी खूण करून घेतली. मुलांनी मोठ्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवली, पाव लीटर ओतलं की रेघ. चौथी रेघ लांब गेली. "बाई, पाणी तेवढंच, मग हे अंतर मोठं कसं?" बाटली मानेकडे निमुळती होते, हे त्यांनी बोटं फिरवून शोधलं. हा प्रश्न मूळ टाचणात नव्हता, माझ्याही नव्हता. त्यावर दहा मिनिटं गेली आणि मी ती जाऊ दिली, तासिकेत घ्यायचं ठरवलेलं गाणं गाळलं.

कार्यपत्रिकेऐवजी घरचं उदाहरण घेतलं. या मुलांच्या दारात 200 लीटरचा निळा ड्रम असतो आणि 20 लीटरचे कॅन उचलायला तीही जातात. ड्रम भरायला किती कॅन लागतील?

बऱ्याच पाट्यांवर 10 आलं. एका मुलीने 11 लिहिलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "चढावर सांडतं ना, बाई."

टाचणात मी उत्तर 10 एवढंच लिहिलं होतं. फळ्यावर दोन्ही लिहिले, आणि अकरा खेपांत मिळून किती सांडलं ते काढायला वर्ग बसवला.