आमची वाटचाल : चूल आणि रक्त

सांगलीत विश्रामबागला भाड्याची एक खोली, एक संगणक आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातली आम्हा दोघी मैत्रिणींची संख्याशास्त्राची एम.एस्सी., एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. शेजारी मिरज, म्हणजे दवाखान्यांचं गाव. शिकाऊ डॉक्टरांच्या प्रबंधांची आकडेमोड करून द्यायची, हेच काम.

कोलेस्टेरॉलचं पहिलं काम आलं आणि आम्ही चुकलो. आई, वडील, मुलं अशा अख्ख्या घरांचे रिपोर्ट होते. आम्ही प्रत्येकाला सुटा माणूस धरला. पण एका घरातले पाच जण म्हणजे पाच वेगळे पुरावे नव्हेत. परीक्षकांनी प्रबंध परत पाठवला. आम्ही पैसे न घेता सगळं पुन्हा केलं आणि त्या निमित्ताने विषय मुळापासून शिकलो.

या विषयाचा पाया संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या १९१८ च्या निबंधात आहे. माणसामाणसांतल्या फरकाची वाटणी करायची: किती रक्ताच्या नात्याचा, किती बाकीच्या कारणांचा. वय आणि लिंग यांचा परिणाम आधी वजा करायचा. ट्रायग्लिसराइडचे, म्हणजे रक्तातल्या एका चरबीचे, आकडे वरच्या बाजूला लांब पसरतात, म्हणून त्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घ्यायचा. आणि ज्या रुग्णामुळे ते कुटुंब आपल्यापर्यंत आलं, त्याचा आकडा मुळातच चढा असतो. तो तसाच मिसळला तर सगळं घराणंच चढं दिसतं.

सगळ्यात अवघड काम चूल आणि रक्त, म्हणजे एकत्र खाण्याराहण्याचा परिणाम आणि वारसा, वेगळं करण्याचं. त्यासाठी नवरा-बायकोकडे पाहतात. दोघांचं रक्ताचं नातं नाही, जेवण मात्र एकाच कढईतलं. तेव्हा त्यांचे आकडे जुळले तर ते चुलीच्या खात्यावर. वाळवा तालुक्यात एका घरी वंशावळ लिहून घेत होते, तेव्हा आजी म्हणाल्या, "सून काय परकी न्हाई बाई, माझ्या भावाचीच लेक." माझं पेन तिथंच थांबलं. मामाची मुलगी आणि आतेभाऊ यांची सरासरी १/८ जनुकं सामाईक असतात. हे जोडपं चुलीच्या खात्यावर टाकलं असतं, तर वारशाचा वाटा खराखुरा होता त्याहून कमी दिसला असता.

तेव्हापासून आमच्या अर्जात 'लग्नाआधीचं नातं' हा रकाना आहे. तो डॉक्टरांनाही लागतो. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, रक्तातून उचलण्याचं काम पाहणाऱ्या जनुकातला दोष साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो. एका पालकाकडे असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. दोघांकडेही असेल, तर चारात एक वेळ मुलाला दोन्ही बाजूंनी मिळतो, आणि अशा लेकराचं हृदय कोवळ्या वयातच धोक्यात येतं. नात्यातल्या लग्नात ही गाठ पडायची शक्यता वाढते.

२०१९ च्या महापुरात गावभागातल्या मैत्रिणीच्या घरी ठेवलेल्या वंशावळी भिजल्या. आम्ही एकेक कागद दोरीवर चिमटा लावून वाळवला. शाईने लिहिलेली नाती पसरून गेली होती, पेन्सिलची तेवढी वाचता आली. त्या घरांत पुन्हा जाऊन विचारून आलो. आता वंशावळ पेन्सिलनेच काढतो.