मेळघाटाच्या वाटेवर डोळ्यांवरचा मॉनिटर

नागपूरहून सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून अमरावती गाठून एस.टी.ने परतवाडा, मग घाटाने सेमाडोह, हरिसाल आणि धारणी. दिवस एप्रिलचे, ऊन मी म्हणत होतं. पाठपिशवीत लॅपटॉप, आणि मॉनिटरऐवजी दोन वस्तू: मेटा क्वेस्ट ३ हा डोळे पूर्ण झाकणारा व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट आणि एक्सरिअल वन हा तारेने लॅपटॉपला जोडायचा पडद्याचा चष्मा. गेम नाही, सिनेमा नाही. एक्सेल, ब्राउझर, मराठी टायपिंग आणि सातबाऱ्याच्या पीडीएफ, एवढंच काम.

वर्धा मागे पडेपर्यंत गणित उरकून घेऊ, कारण खरेदी फसते ती इथेच. जाहिरातीतल्या 'फोर-के'कडे बघू नका. नजरेच्या एका अंशात किती पिक्सेल बसतात ते बघा. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉप ५० सेंटिमीटरवर ठेवला तर पडदा साधारण ३८ अंश व्यापतो. १९२० भागिले ३८, म्हणजे अंशाला ५० पिक्सेल. एक्सरिअल वनचा पडदा कर्णात ५० अंशांचा, आडवा सुमारे ४४. तिथे हिशोब ४३-४४ वर येतो. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ × २२०८ पिक्सेल असतात खरे, पण ते शंभराहून जास्त अंशांवर पसरतात, म्हणून अंशाला २५ च्या आसपासच मिळतात. त्यात १९२० रुंदीचा डेस्कटॉप पिक्सेलला पिक्सेल दाखवायचा तर तो ७७ अंश रुंद करावा लागतो आणि प्रत्येक ओळीला मान फिरवावी लागते. नाहीतर रिझोल्यूशन १२८० × ७२० वर आणा. मग पडदा ५० अंशांत मावतो, पण एक्सेलचे रकाने कमी दिसतात.

इंग्रजीत हे एकवेळ खपून जातं, देवनागरीत लगेच उघडं पडतं. सातबाऱ्याची पीडीएफ शंभर टक्के आकारात उघडली की चष्म्यात गट क्रमांक आणि खातेदाराचं नाव सरळ वाचता येतं. क्वेस्टमध्ये उकार ऱ्हस्व की दीर्घ हे अडखळत वाचावं लागतं, 'द्ध' आणि 'द्द' सारखेच भासतात, रफार वरच्या ओळीत विरघळतो. १५० टक्के केल्यावर ठीक दिसतं, पण अर्धं पान पडद्याबाहेर जातं.

रेल्वेत चष्माच बरा. वजन ८० ग्रॅमच्या आसपास, आणि खाली नजर टाकली की कीबोर्ड दिसतो. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड-मांडणीत ज्यांना अधूनमधून कळ शोधावी लागते त्यांना हे फार सोयीचं. एक खोड मात्र आहे. या चष्म्यात प्रतिमा वरून येते आणि तिरप्या काचेवर आपटून डोळ्यात जाते; त्याच काचेवर खालचा उजेडही पडतो. खिडकीचं ऊन पांढऱ्या शर्टावर आलं की एक्सेलच्या खालच्या भागात शर्ट तरंगायला लागतो. ब्राइटनेस वाढवून हे जात नाही. गडद रंगाचा दुपट्टा छातीवरून मांडीपर्यंत टाका, लगेच जातं. उन्हासाठी दुपट्टा इकडे सगळ्यांकडे असतोच, फक्त पांढरा नको. समोरून येणाऱ्या उजेडासाठी काच गडद करायचं बटण आहे, पण उघड्या अंगणात दुपारी बारा वाजता तेही हात टेकतं. लिंबाच्या दाट सावलीत काम होतं.

क्वेस्टला विमान आणि रेल्वेसाठी ट्रॅव्हल मोड आहे. तो चालू न करता डब्यात घातलात तर गाडीच्या हालचालीने हेडसेटमधल्या ॲपच्या खिडक्या सरकत राहतात. आणि चालू करूनही, डोळे असे पूर्ण झाकून जनरल डब्यात बसणार असाल तर पिशवीचा पट्टा पायाला अडकवा.

परतवाड्यापुढचा घाट सुरू झाला की दोन्ही बंद. चष्म्यात पडदा हवेत खिळवून ठेवायची सोय असते, ती जायरोस्कोपवर, म्हणजे डोक्याचं वळणं ओळखणाऱ्या सेन्सरवर चालते. बस वळली की चष्म्याला वाटतं डोकंच वळलं, आणि पडदा शेजारच्या प्रवाशाच्या खांद्यावर जाऊन बसतो. सरळ रस्त्यावर पडदा नजरेसोबत राहील असा मोड लावला की हे थांबतं. वळणावळणाच्या रस्त्यावर मात्र त्या मोडमध्येही मळमळतंच. सेमाडोहपर्यंत जंगल बघा.

आता तारेचं. लॅपटॉपला यूएसबी-सी आहे एवढ्यावर भागत नाही, त्या पोर्टातून चित्र बाहेर पडायला हवं. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची खूण शोधा. कित्येक लॅपटॉपांचं यूएसबी-सी फक्त चार्जिंग आणि डेटापुरतं असतं. चष्मा लावला की अंधार. तेव्हा एचडीएमआयकडून यूएसबी-सीकडे जाणारा, स्वतंत्र वीज घेणारा अडॅप्टर लागतो. दुकानात बहुधा उलट्या दिशेचा हातात देतात, तो इथे चालत नाही. पोर्ट एकच असेल तर चार्जिंग की चष्मा असा पेच पडतो; एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या साध्या हबमधलं यूएसबी-सी बहुतेकदा नुसती वीज आत घेतं, चित्र बाहेर देत नाही. चित्र आणि चार्जिंग दोन्हींसाठी बनवलेला हब वेगळा मागून घ्या. फोनचंही तसंच. सॅमसंगच्या एस मालिकेतले फोन डेक्स या त्यांच्यातल्या सोयीमुळे चष्म्यात संगणकासारखा डेस्कटॉप उघडतात, स्वस्त फोनांपैकी बहुतेकांतून चित्र बाहेरच पडत नाही.

हरिसालपासून धारणीपर्यंत नेटवर्कचा भरवसा नको. चष्म्याचं त्यावाचून अडत नाही, लॅपटॉपच्या लेखी तो दुसरा मॉनिटर आहे. क्वेस्टचं अडतं. लॅपटॉपचं चित्र हेडसेटमध्ये नेणं हे राउटरवरचं घरगुती काम, त्याला इंटरनेट लागत नाही. पण नेणारं ॲप सुरू होतानाच लॉगिन मागू शकतं. निघण्याआधी घरचं इंटरनेट बंद करून सगळं एकदा चालवून पाहा. अपडेटही नागपुरातच उरकून घ्या.

धारणीच्या लॉजमध्ये क्वेस्टची खरी परीक्षा झाली. त्याची कामाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस, आणि एप्रिलच्या दुपारी कूलर बंद असला की पत्र्याखालची खोली ती सहज ओलांडते. तापला की पंखा घोंघावतो, मग इशारा येतो, मग तो बंद पडतो. कूलर चालू केला तर हवा गार होते पण दमट. घामेजल्या चेहऱ्यावर गार हेडसेट चढवला की भिंगं धुरकटतात. आधी पाच मिनिटं चालू ठेवून कोमट होऊ द्यावा, आणि कूलरच्या थेट झोतात बसू नये. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरने पुसायची. पाणी, स्पिरिट, शर्टाचं टोक, काहीच नको. पट्ट्याला लागलेलं डोक्याचं तेल हाताने भिंगावर पोचतं, म्हणून आधी हात धुवा.

सगळ्यात महाग चूक उन्हाची. भिंगं आकाशाकडे करून हेडसेट ओसरीवर किंवा खिडकीत ठेवला तर सूर्य भिंगातून पडद्यावर एकवटतो आणि काही सेकंदांत कायमचा डाग पडतो. वापर झाला की डब्यात.

रात्री लाईन गेली की आजूबाजूची खोली बघून जागा ओळखणारे क्वेस्टचे कॅमेरे आंधळे होतात आणि खिडक्या कुठेही भरकटतात. चार्जिंगचा एलईडी बल्ब लावला तरी पुरतं. समोरची भिंत कोरी चुन्याची असेल तर तिच्यावर कॅलेंडर टांगा, कॅमेऱ्यांना पकडायला काहीतरी मिळतं. त्याची बॅटरी सुमारे १९ वॅट-तासांची, दोन तास निघतात. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टावर लावून काम केलं तरी टक्के उतरतच जातात, कारण त्या पोर्टाची वीज खर्चाला पुरत नाही. पॉवर डिलिव्हरी (यूएसबी-सीवरून जास्त वीज द्यायची सोय) असलेली २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॅट-तास, हाती साठेक. त्यात हेडसेट तीनदा भरेल किंवा लॅपटॉप एकदा. लाईन परत येताना झटका येतो, तेव्हा चार्जर काढून ठेवलेला बरा.

परतताना सेमाडोहवरून चिखलदरा केलं. अकराशे मीटरच्या आसपासची उंची, दुपारीही खोली सोसण्यासारखी. तिथे क्वेस्टमध्ये तीन खिडक्या मांडून निवांत काम झालं. पण ५१५ ग्रॅम गालांवर तोलून तासाभराने मान बोलतेच. मागे बॅटरी असलेला पट्टा घातला तर तोल बराच सावरतो, पिशवी मात्र तेवढी जड होते. आमच्या मते फिरतीवर चष्मा न्यावा. हेडसेट एका जागी बसणाऱ्याने, हिवाळ्यात वापरावा.

डोळ्यांना नंबर असेल तर दोन्हींसाठी नंबरची भिंगं आधीच करून घ्यावी लागतात. चष्म्याच्या दुकानात 'पीडी' मोजून मागा, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. क्वेस्ट ३ मध्ये ते ५८ ते ७१ मिलिमीटर चाकाने जुळवता येतं, एक्सरिअल वनमध्ये भिंगं सरकवता येत नाहीत. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा लॅपटॉप, स्वतःची तार आणि गावच्या सातबाऱ्याची पीडीएफ घेऊन जा. दुकानदार थ्रीडी व्हिडिओ लावून देईल. तो बंद करायला सांगा, पीडीएफ शंभर टक्क्यांवर उघडा आणि पडद्याच्या चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचा.