पेटीवर कोरलेले साल

जळगावात मी जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीचे काम करतो. खानदेशात हाताखाली येते ते बहुधा सागवान किंवा शिसव. ओक क्वचितच येते आणि आलेच तर भुसावळच्या एखाद्या रेल्वे साहेबाच्या बंगल्यातून लिलावात बाहेर पडलेले असते. गेल्या उन्हाळ्यात तपासलेली पेटीही तशीच होती. तिच्या दर्शनी फळीवर १६७१ हे साल कोरलेले होते आणि ती विकण्यापूर्वी, ज्यांच्या घरात ती होती त्या काकांना माझा लेखी अहवाल हवा होता.

लाकडाविषयी शंका नव्हती. गाभ्यापासून सालीच्या दिशेने चिरलेल्या ओकवर दिसणारे रुपेरी पट्टे सागवानात नसतात. मागची फळी करवतीने कापलेली नसून पाचर ठोकून फोडलेली असल्यामुळे एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ होती. सांध्यांतल्या लाकडी खुंट्या हाताने तासलेल्या, पैलूदार होत्या, आणि भोवतालचे लाकूड आक्रसल्याने त्यांची डोकी किंचित वर आली होती. लोखंडी खिळ्यांभोवती ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पडणारे निळसर काळे डाग होते. पुढच्या बाजूला कुणा पॉलिशवाल्याने यंत्राने घासून मेलामाइन हे कृत्रिम पॉलिश चढवले होते. अशा कामाला लोक हौसेने पैसे मोजतात आणि वस्तूची निम्मी साक्ष पुसून घेतात. सुदैवाने कोरीवकामाच्या खोलगट भागात त्याचे यंत्र पोहोचले नव्हते.

तोवर सारी चिन्हे जुन्या हातकामाची होती; तेथे तिरपा उजेड टाकल्यावर चित्र बदलले. लाकूड पोखरणारी अळी आत बोगदे करते आणि किडा होऊन बाहेर पडताना पृष्ठभागावर फक्त बारीक गोल छिद्र ठेवतो. या पेटीवर मात्र नक्षीच्या पाकळ्यांत आणि १६७१ मधल्या सहाच्या पोटात ते बोगदे पन्हळीसारखे आडवे उघडे पडले होते. म्हणजे लाकूड आधी किडले आणि पटाशी नंतर चालली. तळाच्या फळ्यांवर गोल करवतीचे कमानदार ओरखडे होते, आणि बिजागऱ्यांना बसवलेले यंत्रावरचे टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी प्रचारात नव्हते. साध्या जुन्या पेट्यांवर नक्षी आणि साल कोरून विकण्याची रीत व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये चांगलीच फोफावली होती.

“दादा, मग ही खोटी म्हणायची का?” काकांनी विचारले. मुंबईच्या ज्या व्यापाऱ्याने केवळ फोटोवरून भाव सांगितला होता, त्याला अहवालात १६७१ एवढेच हवे होते. ते मी लिहिणार नव्हतो. पण खोटी असेही लिहिता येईना. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांची कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. त्या हिशेबाने ही नक्कल स्वतःच पुरावशेष झाली होती.

शेवटी मी चौकट आणि मागची फळी बहुधा सतराव्या शतकातली, तळ, बिजागऱ्या व कोरीवकाम एकोणिसाव्या शतकातले, आणि साल बनावट, असे भागवार लिहून दिले. व्यापाऱ्याचा फोन पुन्हा आला नाही. काका मात्र ते मेलामाइन उतरवून द्या म्हणून मागे लागले आहेत, आणि नक्षीला धक्का न लावता ते कसे उतरवावे हे अजून माझे ठरलेले नाही.