लाइटरूममधलं एडिटिंग डार्कटेबलमध्ये कसं नेलंत?

मी लाइटरूम सोडून डार्कटेबलवर आले (दोन्ही फोटो एडिट करायची सॉफ्टवेअर) हे कळलं की फोटो काढणारं कुणी ना कुणी हमखास विचारतं, “जुन्या सेटिंग्ज तशाच्या तशा नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणता येतात का?” तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट उत्तर देते. नाही येत. आणि त्या ओढून आणायच्या नादीही लागू नका, असं माझं आता ठाम मत झालंय.

रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेली नोंद, हे तयार चित्र नव्हे. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच फिल्टर असतो आणि त्या बिंदूवर किती उजेड पडला याचा एकच आकडा फाईलमध्ये उतरतो. फाईल १४ बिटची असेल तर ० ते १६३८३ मधला कुठलातरी. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून काढायचे, त्यांना कॅमेऱ्याच्या प्रोफाइलप्रमाणे छटा द्यायची, मग सगळा उजेड स्क्रीनच्या आवाक्यात बसवायचा, हे काम प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या रीतीने करतं. त्यामुळे एकीकडच्या ‘हायलाइट्स (फोटोतले उजळ भाग) उणे ८०’ला दुसरीकडे काही अर्थ उरत नाही. व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे रंगांचा तोल ठरवणारा, ५२०० केल्विन हा आकडासुद्धा दोन्हीकडे सारखाच दिसेल याची खात्री नाही. लाइटरूमच्या एक्सएमपी फाईलमधून (फोटोशेजारची, त्याच्या सेटिंग्ज नोंदवणारी छोटी फाईल) डार्कटेबल रेटिंग, टॅग, क्रॉप आणि काही थोड्या सेटिंग्ज उचलतं, पण त्या सेटिंग्ज अंदाजाने जुळवलेल्या असतात.

माझी गाडी कुठे अडली ते एका फोटोवरून सांगते. आई खिडकीपाशी बसलीय, उजेड पाठीमागून येतोय, पडदा जवळजवळ पांढराफटक आणि चेहरा अंधारात. लाइटरूममध्ये अशा फोटोला माझा हात आपोआप चालायचा: हायलाइट्स खाली, शॅडोज (गडद भाग) वर, थोडी क्लॅरिटी (उठाव), झालं. डार्कटेबलमध्ये मी तेच दोन स्लायडर शोधत बसले. ‘शॅडोज अँड हायलाइट्स’ नावाचं जुनं मॉड्यूल (डार्कटेबलमधलं एकेका कामाचं साधन) सापडलं, तेव्हा हायसं वाटलं. शॅडोज वर ओढल्या, चेहरा उजळला, पण केसांच्या कडेने एक राखाडी वलय उमटलं. कमीजास्त करत अख्खी संध्याकाळ गेली, वलय काही हटेना.

दुसऱ्या दिवशी स्लायडरचा विचार बाजूला ठेवला आणि मला या फोटोत नेमकं काय हवंय ते कागदावर लिहिलं. चेहरा नीट दिसावा. पडद्याची वीण थोडी तरी राहावी. डोळ्यांखालची सावली हलकी व्हावी, पण जाऊ नये, कारण आई तशीच दिसते. मग एक्सपोजर फक्त चेहऱ्याकडे बघून वाढवलं, मागचा पडदा पार पांढरा होऊन उडाला तरी हात थांबवला नाही. डार्कटेबलच्या आताच्या पद्धतीत हे चालतं, कारण पुढे सिग्मॉइड नावाचं मॉड्यूल तो सगळा उजेड स्क्रीनच्या मर्यादेत हळुवार उतरवतं. सेन्सरवरच उडालेलं मात्र तेही परत आणू शकत नाही. पडदा परत आला, वीणसुद्धा. शेवटी टोन इक्वलायझर या मॉड्यूलने फक्त गडद भाग जेमतेम अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) उचलला. बदल कुठे लागू करायचा ते ठरवणारा त्याचा मास्क कडा सांभाळतो, त्यामुळे केसांभोवती वलय आलं नाही. सगळं मिळून दहा मिनिटं.

तो कागद मी अजून वापरते. सॉफ्टवेअर बदलताना माझ्याबरोबर आलं ते एवढंच: आधी उजेड, मग रंगाचा तोल, मग चेहरा किंवा जो विषय असेल तो, नॉइज आणि शार्पनिंग शेवटी. रॉथेरपी किंवा कॅप्चर वन अशी दुसरी सॉफ्टवेअर घेतलीत तरी हा क्रम तुमच्या कामी येईल, बटणं वेगळ्या ठिकाणी असतील इतकंच.

दोन गोष्टींनी सुरुवातीला घाबरायला होतं, म्हणून आधीच सांगते. डार्कटेबलमध्ये फोटो उघडताक्षणी थंबनेलपेक्षा आणि लाइटरूमपेक्षा फिका आणि मऊ दिसतो. थंबनेलमध्ये बहुधा कॅमेऱ्याने बनवलेला जेपेग असतो, आणि लाइटरूम रॉ फाईलला न विचारता शार्पनिंग ४० आणि कलर नॉइज रिडक्शन २५ लावून ठेवतं, हे तिथे असताना लक्षातच येत नाही. दुसरी गोष्ट व्हाइट बॅलन्सची. डार्कटेबलमध्ये हे काम ‘कलर कॅलिब्रेशन’ हे मॉड्यूल करत असेल, तर ‘व्हाइट बॅलन्स’ नावाच्या मॉड्यूलला हात लावायचा नाही. दोन्हीकडे बदल केला की तीच दुरुस्ती दोनदा होते आणि त्वचेचा रंग हाताबाहेर जातो. मी हे पुष्कळ फोटोंत केलंय.

निघण्यापूर्वी मात्र जुन्या घरातली आवराआवर नक्की करा. लाइटरूम सगळं कॅटलॉग नावाच्या स्वतःच्या नोंदवहीत ठेवतं, तेव्हा सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा, म्हणजे माहिती एक्सएमपी फाईलमध्ये उतरेल. कलेक्शन्स (फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपीज (एकाच फोटोच्या वेगळ्या एडिटच्या आवृत्त्या) त्यात येत नाहीत. म्हणून मी प्रत्येक कलेक्शनचं नाव त्यातल्या फोटोंना कीवर्ड म्हणून लावलं. तेवढ्यात तीन रविवार गेले, पण ते सार्थकी लागले. जे फोटो पूर्ण झाले होते त्यांच्या १६ बिट टिफ, म्हणजे तयार चित्राच्या फाईली काढून रॉ फाईलशेजारीच ठेवले. लाइटरूम आणि डार्कटेबल आपल्या एक्सएमपी फाईलला वेगळ्या पद्धतीने नाव देतात. डार्कटेबल नावात रॉचं एक्स्टेंशनही ठेवतं, त्यामुळे दोन्ही एकाच फोल्डरमध्ये सुखाने राहतात.

जुने फोटो मी सरसकट पुन्हा करत बसले नाही. कुणी प्रिंट मागितली तरच तो फोटो नव्याने उघडते. आईच्या त्या फोटोची दोन्ही रूपं ठेवलीत. जुन्यात चेहरा जास्त उजळ आहे, आणि तिला तोच आवडतो. भिंतीवर मी नवा लावलाय.